एडवर्ड हाइड ऊर्फ लॉर्ड क्लॅरेंडन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या सतराव्या शतकातल्या, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीबद्दल विचारणारे वाचक बहुधा पार्लमेंटाच्या बाजूचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याच्यापासून सुरुवात करतात आणि थोड्याच दिवसांत एडवर्ड हाइडपाशी येऊन अडखळतात. राजाचा माणूस, पण राजाला विरोध करून वर आलेला. कायद्याचा भोक्ता, पण शेवटी कायदा मोडल्याच्याच आरोपाखाली देशोधडीला लागलेला. त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे आली असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एडवर्ड हाइड नेमका कोण? थोडक्यात सांगा.

१८ फेब्रुवारी १६०९ रोजी विल्टशर परगण्यातल्या डिंटन गावी, बेताच्या जमीनदार घरात जन्मलेला हा वकील. शिक्षण ऑक्सफर्डच्या मॉडलिन हॉलमध्ये, कायद्याचे धडे लंडनच्या मिडल टेम्पलमध्ये. १६४० मध्ये तो पार्लमेंटात निवडून आला, १६४२ मध्ये राजा पहिल्या चार्ल्सकडे गेला, आणि १६४३ मध्ये राजाचा चॅन्सलर ऑफ द एक्स्चेकर, म्हणजे खजिन्याचा मंत्री झाला. राजाचा पराभव झाल्यावर त्याने चौदा वर्षं परदेशात काढली. १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सबरोबर तो परतला आणि लॉर्ड चॅन्सलर म्हणून सात वर्षं त्यानेच जवळजवळ सगळा कारभार पाहिला. १६६७ मध्ये त्याला काढून टाकलं. फ्रान्समधल्या रुआँ शहरात ९ डिसेंबर १६७४ रोजी तो वारला.

अर्ल ऑफ क्लॅरेंडन हा किताब त्याला १६६१ मध्ये मिळाला. म्हणून यादवीच्या काळाबद्दल लिहिताना हाइड म्हणायचं, नंतरच्या काळाबद्दल क्लॅरेंडन. माणूस एकच.

२. ही यादवी पेटली कशावरून?

पैसा, धर्म आणि फौज. चार्ल्सने १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही. खर्च भागवायला त्याने जुने हक्क उकरून कर बसवले. त्यातला सर्वांत बदनाम म्हणजे जहाजपट्टी: किनाऱ्यावरच्या गावांनी लढाईच्या वेळी आरमारासाठी द्यायचा पैसा त्याने शांततेच्या काळात साऱ्या देशाकडून वसूल केला. १६३७ मध्ये स्कॉटलंडवर नवी प्रार्थनापोथी लादली, तिथे बंड झालं, बंड मोडायला पैसा नव्हता, म्हणून १६४० मध्ये पार्लमेंट बोलावणं भाग पडलं. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आयर्लंडमध्ये उठाव झाला आणि तो मोडायला उभारायची फौज कोणाच्या हुकमतीत असावी या प्रश्नावर गाडी कायमची अडली. २२ ऑगस्ट १६४२ रोजी राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारलं आणि लढाईला तोंड फुटलं.

३. हाइड आधी राजाच्या विरोधात होता, हे खरं का?

अगदी खरं, आणि हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं काहीच नीट कळत नाही. १६४० च्या वसंतात भरलेल्या पार्लमेंटात तो वुटन बॅसेटचा सभासद होता, नोव्हेंबरात भरलेल्या दुसऱ्या पार्लमेंटात सॉल्टॅशचा. जहाजपट्टी कायदेशीर ठरवणाऱ्या न्यायाधीशांवर तो तुटून पडला. उत्तरेकडच्या प्रांतांवर मनमानी करणारं कौन्सिल आणि अर्ल मार्शलचं न्यायालय बंद करावं म्हणून त्याने हिरिरीने भाषणं केली. राजाच्या मर्जीने चालणारी अशी न्यायालयं त्याला कायद्याच्या मुळावर आलेली वाटत.

बर्नेट नावाच्या पुढच्या पिढीतल्या बिशपने एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. हाइड तरुण वकील असताना वडिलांबरोबर शेतातून फिरत होता. वडील म्हणाले, तुझ्या धंद्यातली माणसं राजाचे अधिकार ताणून लोकांच्या हक्कांवर गदा आणतात, तू स्वतःच्या फायद्यासाठी किंवा राजाच्या मर्जीसाठी देशाचे कायदे आणि लोकांचं स्वातंत्र्य कधी विकू नकोस. एवढं बोलून झालं आणि ते तिथेच झटका येऊन कोसळले. प्रसंग शब्दशः असाच घडला असेल वा नसेल, पण १६४१ चा हाइड समजून घ्यायला यापेक्षा चांगलं दार मला सापडलेलं नाही.

४. मग तो राजाकडे गेला तरी का? मोठं पद मिळालं म्हणून?

पद त्याने नाकारलं होतं. जानेवारी १६४२ च्या सुमारास राजाने त्याच्या दोन मित्रांना, लॉर्ड फॉकलंड आणि सर जॉन कल्पेपर यांना, मोठी पदं दिली. हाइडलाही सरकारी वकिलाची जागा देऊ केली. ‘पदाविना मी जास्त उपयोगी पडेन’ असं सांगून त्याने ती घेतली नाही.

पार्लमेंटापासून तो तुटला तो दोन टप्प्यांत. पहिला टप्पा चर्चचा. १६४१ च्या उन्हाळ्यात बिशपांची संस्थाच मुळासकट उपटण्याचं विधेयक आलं. हाइडच्या लेखी बिशप हे देशाच्या कायद्यानेच उभे केलेले होते. त्यांना उपटायचं तर मग कोणताही कायदा उपटता येईल. गंमत अशी की, त्याने विरोधी भाषणं करू नयेत म्हणून त्यालाच या विधेयकावरच्या समितीच्या अध्यक्षपदी बसवलं. त्याने तिथे बसून काम इतकं लांबवलं की विधेयक कधी मार्गी लागलंच नाही.

दुसरा टप्पा २२ नोव्हेंबर १६४१ च्या रात्रीचा. राजाच्या साऱ्या चुकांची लांबलचक जंत्री असलेलं एक गाऱ्हाणंपत्र कॉमन्ससमोर, म्हणजे पार्लमेंटाच्या कनिष्ठ सभागृहासमोर होतं. दुपारी सुरू झालेली चर्चा मेणबत्त्या लावून मध्यरात्र उलटून गेल्यावरही चालूच होती. मतं पडली १५९ विरुद्ध १४८. अवघ्या अकरा मतांनी पत्र मंजूर झालं. लगेच मागणी आली की हे छापून लोकांत वाटायचं. हाइडने आपला निषेध नोंदवावा अशी मागणी केली, जेफ्री पामर नावाच्या सभासदाने ‘आम्हा सर्वांचा निषेध’ असं म्हटलं, आणि सभागृहात माणसं तलवारी म्यानांसकट हातात घेऊन उभी राहिली. हॅम्पडेन या सभासदाने शांतपणे बोलून वेळ निभावून नेली नसती तर यादवीचं पहिलं रक्त बहुधा तिथेच सांडलं असतं.

बाहेर पडताना क्रॉमवेल फॉकलंडच्या कानात म्हणाला, आज हे फेटाळलं गेलं असतं तर उद्या सकाळी मी सगळं विकून इंग्लंड कायमचं सोडलं असतं. ही आठवण हाइडनेच लिहून ठेवली आहे.

राजाशी भांडायचं ते राजाशीच, पार्लमेंटाच्या आवारात, असं त्याचं मत होतं. रस्त्यावरच्या जमावाला निवाडा करायला बोलावणं त्याला मान्य नव्हतं. त्या रात्रीनंतर तो राजाच्या बाजूचा झाला.

५. पार्लमेंटात बसून तो चोरून राजाची पत्रं लिहायचा म्हणतात. हा विश्वासघात नव्हे का?

हा प्रश्न विचारणारे बरेचदा रागाने विचारतात, आणि तो राग मला समजतो. आधी घडलं काय ते पाहू.

१६४२ च्या पहिल्या पाच महिन्यांत राजा आणि पार्लमेंट यांच्यात जाहीर पत्रांची लढाई चालली होती. राजाची बरीच उत्तरं हाइड लिहीत होता आणि तोच हाइड वेस्टमिन्स्टरमध्ये आपल्या बाकावर बसत होता. अक्षर ओळखलं गेलं असतं तर त्याची रवानगी लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तुरुंगात झाली असती. म्हणून राजाने एक उपाय काढला. हाइडचा मसुदा आला की चार्ल्स खोलीत स्वतःला कोंडून घेऊन तो सबंध स्वतःच्या हाताने उतरवून काढी आणि मगच मंत्र्यांना दाखवी. मसुदा बऱ्याच तावांचा असेल तर या नकलेत दोन-तीन दिवस जात. राजा आपल्या वकिलाचा कारकून झालेला, हे दृश्य त्या सगळ्या दंगलीत मला फार बोलकं वाटतं.

मे महिन्याच्या अखेरीस, तब्येत बरी नाही, वैद्याने गावाकडची हवा सांगितली आहे, असं सभापतीला कळवून हाइड लंडनबाहेर पडला आणि हमरस्ते टाळत यॉर्कला राजाकडे पोहोचला. नंतर पार्लमेंटाने ज्यांना माफी द्यायची नाही त्यांची यादी केली, तिच्यात त्याचं नाव होतं.

आता विश्वासघात. सभागृहात घेतलेली शपथ राजाशी निष्ठेची होती, पक्षाशी नव्हती, आणि तेव्हा आजच्या अर्थाने पक्षही नव्हते. हा त्याच्या बाजूचा मुद्दा. पण ज्यांच्याबरोबर तो रोज बसत होता, त्यांच्यापासून त्याने हे लपवलं, आणि आजारपणाचं कारण खोटं होतं. माझ्या मते त्याने इथे सहकाऱ्यांना फसवलं. त्याची बाजू मला पटते तरीही.

६. पाच सभासदांना पकडायला राजा पार्लमेंटात घुसला, तो सल्ला हाइडचा होता का?

नाही. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स शिपाई घेऊन कॉमन्सच्या दारात आला. विरोधकांचा पुढारी पिम, हॅम्पडेन आणि बाकीचे तिघे आधीच निसटले होते. हाइड, फॉकलंड आणि कल्पेपर यांना याची काहीच कल्पना नव्हती. आणखी वाईट म्हणजे, कॉमन्सच्या कामकाजात तुम्हा तिघांना विचारल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, असा शब्द राजाने त्यांना नुकताच दिला होता. त्या दिवशी हे तिघं इतके खचले की राजाचा नाद सोडून द्यावा असं त्यांच्या मनात आलं. चार्ल्सचा स्वभाव असाच होता. चांगला सल्ला घ्यायचा, मान डोलवायची, आणि रात्री दुसऱ्याच कोणाचं ऐकायचं.

७. हाइड लढाईत उतरला होता का?

तो सैनिक नव्हता. कॅव्हेलियर, म्हणजे राजाच्या बाजूचा लढवय्या, म्हटलं की लांब केस, पिसांची टोपी आणि उधळलेला घोडा डोळ्यांसमोर येतो. ते चित्र राजाचा पुतण्या-भाचा गोतावळा, विशेषतः भाचा प्रिन्स रूपर्ट, याचं आहे. हाइडच्या वाट्याला कागद आणि खडखडीत खजिना आला.

राजाची राजधानी ऑक्सफर्डला होती. जानेवारी १६४३ मध्ये तिथल्या कॉलेजांची चांदीची भांडी टांकसाळीत वितळवून नाणी पाडली गेली, यावरून पैशाची ओढाताण कळेल. फेब्रुवारीत हाइडला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि पाठोपाठ खजिन्याचं मंत्रिपद. राजाने ऑक्सफर्डला स्वतःचं पार्लमेंट भरवावं ही सूचना त्याचीच. ते जानेवारी १६४४ मध्ये भरलं आणि कॉमन्सचे शंभराहून अधिक सभासद तिथे आले. राजाला ते मनापासून आवडलं नाही, पण हाइडच्या दृष्टीने राजाची बाजू कायद्याची आहे हे दाखवायला तेच हवं होतं.

१६४५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अक्सब्रिजला तहाची बोलणी झाली, तिथे तो राजाच्या प्रतिनिधींपैकी एक होता. चर्च, फौज आणि आयर्लंड या तीन विषयांवर वीस दिवस खल झाला आणि हाती काही लागलं नाही. मार्चमध्ये युवराजाबरोबर, म्हणजे पुढच्या दुसऱ्या चार्ल्सबरोबर, त्याला पश्चिमेकडे पाठवलं. त्या निरोपानंतर पहिला चार्ल्स आणि तो पुन्हा कधी भेटले नाहीत.

८. लॉर्ड फॉकलंड म्हणजे फॉकलंड बेटांचा फॉकलंड का?

तो नव्हे, त्याचा नातू. १६९० मध्ये जॉन स्ट्राँग नावाच्या कप्तानाने त्या बेटांमधल्या सामुद्रधुनीला पाचव्या व्हायकाउंट फॉकलंडचं नाव दिलं आणि पुढे ते बेटांना चिकटलं.

हाइडचा मित्र म्हणजे दुसरा व्हायकाउंट, लूशियस केरी. ऑक्सफर्डजवळच्या ग्रेट ट्यू या गावी त्याचा वाडा होता. विद्वान, धर्मपंडित, कवी तिथे येऊन राहत, वाचत, वाद घालत. हाइड म्हणतो ते घर म्हणजे जणू हवा शुद्ध असलेल्या जागी हलवलेलं विद्यापीठच होतं. यादवी सुरू झाली आणि फॉकलंडचा उत्साह मावळला. मित्रांत बसलेला असताना मध्येच लांब सुस्कारा टाकून तो ‘शांती, शांती’ म्हणे. २० सप्टेंबर १६४३ रोजी न्यूबरीच्या लढाईत, कुंपणाच्या ज्या खिंडारातून गोळ्या सणसणत येत होत्या तिथेच त्याने घोडा घातला आणि तो पडला. वय तेहेतिसच्या आसपास. हाइडने या मित्रावर लिहिलेली पानं मी कितीदा तरी वाचली आहेत. बाकी सगळीकडे वकिली भाषेत लिहिणारा हा माणूस तिथे उघड उघड रडतो.

९. राणीशी त्याचं का जमत नव्हतं?

राणी हेन्रिएटा मारिया फ्रान्सची राजकन्या, कॅथलिक. परक्या फौजा, परका पैसा, धर्माबाबत कोणतीही तडजोड, काहीही करून गादी वाचवायची असा तिचा आग्रह. हाइडला यातलं काहीच पचत नसे. फ्रेंच मदतीने मिळवलेली गादी इंग्लिश माणूस कधी मानणार नाही, असं तो ठामपणे म्हणे. १६४६ मध्ये राणीने युवराजाला फ्रान्समध्ये बोलावून घेतलं, तेव्हा हाइडने बरोबर जायला नकार दिला आणि तो इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच राहिला.

१०. जर्सीवर दोन वर्षं त्याने केलं काय?

लिहिलं. हरत चाललेल्या युद्धाचा इतिहास लिहायला त्याने मार्च १६४६ मध्येच, सिली बेटांवर आसऱ्याला असताना सुरुवात केली होती. पुढे जर्सीला, समुद्रात उभ्या असलेल्या एलिझाबेथ किल्ल्यात, किल्लेदार जॉर्ज कार्टरेटच्या आश्रयाने तो राहिला. रोज जवळजवळ एक मोठा ताव भरून तो स्वतःच्या हाताने लिही. बायको फ्रान्सेस आणि मुलं इंग्लंडात, राजा शत्रूच्या ताब्यात, खिशात पैसा नाही. तरीही आयुष्यातली सर्वांत शांत वर्षं तीच, असं त्याने नंतर म्हटलं आहे. हा ग्रंथ किती भरवशाचा ते प्रश्न १६ मध्ये.

११. राजाचा शिरच्छेद झाल्यावर त्याने पोट कसं भरलं?

फार हालात. ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. हाइडला लॉर्ड कॉटिंग्टनबरोबर माद्रिदला मदत मागायला पाठवलं. स्पेनने गोड बोलून हात रिकामे ठेवले. १६५१ मध्ये तो पॅरिसला नव्या राजाजवळ आला. त्या काळातल्या पत्रांत थंडीत अंगावर घालायला कपडे नाहीत, शेकोटीला लाकूड नाही, खाणावळीचं देणं थकलंय अशा तक्रारी आहेत. दरबार मग कलोन, ब्रुझ असा फिरत राहिला. १६५८ मध्ये त्याला लॉर्ड चॅन्सलर केलं, पण ज्या देशाचं चॅन्सलरपद तो देशच हाती नव्हता.

स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांना (बिशप न मानणाऱ्या पंथाला) मिळा, कॅथलिक राजांना मिळा, इथे उठाव करा, तिथे करा असे सल्ले राजाला रोज मिळत. हाइडचं म्हणणं एकच: थांबा, इंग्लंडातले सत्ताधारी आपापसात भांडतील आणि जुना कायदाच लोकांना परत हवासा वाटेल. लोक त्याला आळशी म्हणाले. पण १६५८ मध्ये इंग्लंडवर सत्ता चालवणारा क्रॉमवेल वारला आणि दीड-दोन वर्षांत नेमकं तसंच झालं.

१२. ब्रेडाच्या घोषणापत्रात एवढं विशेष काय होतं?

परतण्याआधी दुसऱ्या चार्ल्सने हॉलंडमधल्या ब्रेडा गावाहून काढलेला, ४ एप्रिल १६६० चा हा कागद हाइडच्या हातचा. चार आश्वासनं: सर्वसाधारण माफी, धर्माबाबत सवलत, यादवीत विकल्या-घेतल्या गेलेल्या जमिनींचा निकाल, आणि सैनिकांचा थकलेला पगार. खरी मेख पुढे होती. या चारही गोष्टींचा शेवटचा निर्णय पार्लमेंट करील, असं त्यात लिहिलं होतं. पहिल्या चार्ल्सने आपल्या अधिकारात कर बसवले म्हणून यादवी पेटली होती. त्याचा मुलगा गादीवर येण्याआधीच जमिनीपासून धर्मापर्यंतचे प्रश्न पार्लमेंटाच्या ओटीत टाकत होता. १६४१ साली ज्या तोडग्यासाठी हाइड झगडला, तो असा एकोणीस वर्षांनी कागदावर उतरला. २९ मे रोजी राजा लंडनमध्ये शिरला.

१३. सत्ता आल्यावर त्याने सूड उगवला का?

राजाच्या वधाला थेट जबाबदार असलेल्या काहींना फाशी झाली, तीही त्या काळच्या भीषण पद्धतीने. त्यापलीकडे हाइड माफीचा कायदा घट्ट धरून बसला. जमिनी विकून राजासाठी लढलेल्या कॅव्हेलियरांना त्याचाच राग आला. त्या जमिनी परत मिळाल्या नाहीत. ‘राजाच्या शत्रूंना माफी आणि मित्रांचा विसर’ असा टोमणा त्यांच्यात फिरू लागला. माझ्या मते हा कायदा पाळणं हे त्याचं सर्वांत मोठं काम, आणि त्याच्याच बाजूच्या लोकांनी ते त्याला कधी माफ केलं नाही.

१४. क्लॅरेंडन कोड म्हणतात ते जाचक धर्मकायदे त्यानेच केले ना?

नाव त्याचं चिकटलं, पण गोष्ट तेवढी सरळ नाही. १६६१ ते १६६५ या काळात चार कायदे झाले. नगरपालिकांत फक्त चर्च ऑफ इंग्लंडचे लोक, सगळीकडे एकच प्रार्थनापोथी, वेगळ्या पंथाच्या सभांना बंदी, आणि काढून टाकलेल्या धर्मोपदेशकांनी जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत यायचं नाही. हे रेटलं ते मुख्यतः पार्लमेंटातल्या कडव्या कॅव्हेलियरांनी. ब्रेडाला दिलेला धर्मसवलतीचा शब्द राहावा म्हणून हाइडने सुरुवातीला काही खटपट केली. नंतर मात्र त्याने हे कायदे स्वीकारले आणि राबवलेही. तेव्हा त्याला पूर्ण दोषी धरणं चूक, आणि पूर्ण निर्दोष ठरवणंही चूक.

१५. मुंबई हुंड्यात मिळाली त्या लग्नाशी त्याचा काय संबंध?

मराठी वाचकांचा हा हक्काचा प्रश्न. दुसऱ्या चार्ल्सचं पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न ठरवणारा तह जून १६६१ चा, आणि तेव्हा मुख्य मंत्री क्लॅरेंडन होता. तहात उत्तर आफ्रिकेतलं टँजियर आणि मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळालं. लंडनमध्ये मुंबई नेमकी कुठे आहे याची कल्पना किती धूसर होती ते सांगताना, क्लॅरेंडनने तिचं ठिकाण ब्राझीलपासून अगदी जवळ असल्याचं लिहिलं होतं, हा दाखला मुंबईच्या जुन्या इतिहासांत हमखास दिलेला असतो.

त्या अज्ञानाची किंमत शिपायांनी मोजली. सप्टेंबर १६६२ मध्ये अब्राहम शिपमन फौज घेऊन आला. पोर्तुगीजांनी बेट द्यायला नकार दिला. ‘मुंबई’ म्हणजे फक्त एक बेट की ठाणे-साष्टीसकट, यावर वाद पेटला. शिपमनच्या माणसांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम करावा लागला आणि रोगराईने ती तिथे पटापट मेली. शिपमनही १६६४ मध्ये तिथेच गेला. फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुकने उरलीसुरली माणसं घेऊन मुंबईचा ताबा घेतला. २७ मार्च १६६८ रोजी राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. तोवर क्लॅरेंडन परागंदा झाला होता. जून १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला मुंबईहून हेन्री ऑक्झेंडेन हजर होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्लॅरेंडन वारला.

कॅथरीनला मूल झालं नाही. मग लोक म्हणू लागले, क्लॅरेंडनने मुद्दाम वांझ राणी आणली. कारण काय, तर त्याच्या मुलीने आधीच राजाच्या भावाशी, ड्यूक ऑफ यॉर्कशी, लग्न केलं होतं. सप्टेंबर १६६० मध्ये अ‍ॅनचं हे गुपचूप लग्न झालं तेव्हा ती गरोदर होती. बाप आनंदला नाही. तिला टॉवरमध्ये टाका, तिचं डोकं उडवायचा ठराव मीच मांडतो, असं तो रागाच्या भरात म्हणाला, आणि हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलं आहे. लोकांना मात्र हे सगळं त्याचंच कारस्थान वाटलं.

१६. त्याचा इतिहास खरा मानायचा का?

माणसांसाठी अवश्य, तारखांसाठी सांभाळून. हा ग्रंथ दोन वेगळ्या लिखाणांचा जोड आहे. पहिलं १६४६ ते १६४८ चं, जर्सीत लिहिलेलं, घटना ताज्या असताना आणि राजाला उपयोगी पडावं या हेतूने. दुसरं वीस वर्षांनी, १६६८ पासून फ्रान्समध्ये, कागदपत्रं जवळ नसताना आठवणीतून लिहिलेलं आत्मचरित्र. १६७१ मध्ये मुलगा लॉरेन्स जुनी हस्तलिखितं घेऊन भेटायला गेला आणि क्लॅरेंडनने दोन्ही एकात विणली. त्यामुळे एका पानावर नेमकी माहिती आणि पुढच्या पानावर क्रम उलटसुलट, असं होतं.

शत्रूबद्दल तो अन्याय करतो, पण त्याला आंधळा द्वेष नाही. क्रॉमवेलला त्याने दुष्ट म्हटलं, पण त्याच वाक्यात शूरही म्हटलं. ग्रंथ छापला गेला १७०२ ते १७०४ मध्ये, त्याची नात राणी अ‍ॅन गादीवर असताना. ऑक्सफर्ड विद्यापीठाला त्यातून मिळालेल्या पैशाचा आधार घेऊन छापखान्यासाठी क्लॅरेंडन बिल्डिंग उभी राहिली. ऑक्सफर्डच्या पुस्तकांवर ‘क्लॅरेंडन प्रेस’ दिसतं ते त्यावरूनच.

१७. लंडनचं हाइड पार्क त्याच्या नावाचं का?

नाही. ती जमीन मध्ययुगापासून ‘हाइड’ नावाच्या वतनाची होती आणि १५३६ मध्ये आठव्या हेन्रीने ती वेस्टमिन्स्टरच्या मठाकडून घेतली. एडवर्ड हाइडचा तिच्याशी संबंध नाही.

१८. कायदा पाळणाऱ्या माणसावर कायदा मोडल्याचा आरोप कसा आला?

१६६५ ची प्लेग, १६६६ ची आग, आणि जून १६६७ मध्ये डच आरमार थेट मेडवे नदीत घुसून इंग्लंडची जहाजं जाळून गेलं. कोणीतरी बळी हवा होता. क्लॅरेंडनने १६६२ मध्ये इंग्लंडच्या ताब्यातलं डंकर्क बंदर फ्रान्सला विकायला हातभार लावला होता, आणि पिकॅडिलीत टोलेजंग वाडा बांधला होता. लोक त्या वाड्याला ‘डंकर्क हाउस’ म्हणू लागले. डच आल्याची बातमी पसरली तेव्हा जमावाने त्याच्या दारापुढची झाडं तोडली, खिडक्या फोडल्या आणि फाटकावर फाशीचा खांब रंगवला.

राजालाही त्याच्या उपदेशाचा कंटाळा आला होता. ऑगस्टअखेर राजाची भेट घेऊन तो व्हाइटहॉलमधून बाहेर पडत होता, तेव्हा राजाची रखेल लेडी कॅसलमेन अंगातल्या साध्या झग्यानिशी धावत बाहेर आली आणि खिदळत त्याला जाताना पाहत राहिली. आरमाराच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युएल पीप्स याने हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे.

पदावरून काढल्यावर कॉमन्सने त्याच्यावर महाभियोग आणला. त्यातला एक आरोप मला फार जड वाटतो. कैद्यांना कोर्टाच्या हुकमाने सोडवता येऊ नये म्हणून त्याने त्यांना दूरच्या बेटांवर आणि गढ्यांत पाठवलं, असा तो आरोप होता. जो माणूस १६४१ मध्ये राजाच्या मर्जीच्या न्यायालयांविरुद्ध उभा राहिला (प्रश्न ३), त्याच्या कारकिर्दीत माणसं विनाचौकशी अडकून पडली होती, आणि हे नुसतं शत्रूंचं बालंट नव्हतं. ती वाट १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याने बंद केली.

राजद्रोहाचा खटला सिद्ध होण्यासारखा नव्हता, पण राजाने सुचवलं म्हणून २९ नोव्हेंबर १६६७ च्या रात्री तो फ्रान्सला निघून गेला. पार्लमेंटाने त्याच्यावर आजन्म हद्दपारी लादली.

१९. शेवटी तो मायदेशी परतला का?

जिवंतपणी नाही. १६६८ मध्ये एव्ह्र्यू गावी मुक्कामाला असताना फ्रेंच सेवेतल्या इंग्लिश खलाशांनी थकलेल्या पगाराच्या रागात त्याला मारहाण केली. डोक्याला जखम झाली, तो थोडक्यात वाचला. पुढे माँपेलिए, मूलँ आणि अखेर इंग्लिश खाडीच्या जवळचं रुआँ. मुलांमध्ये मरू द्या, असं त्याने राजाला लिहिलं. उत्तर आलं नाही.

मृत्यूनंतर त्याचं शव लंडनला आणून जानेवारी १६७५ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत, सातव्या हेन्रीच्या चॅपेलकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या पायथ्याशी पुरलं. पायऱ्यांवर, आत, मेरी आणि अ‍ॅन आहेत, त्याच्या मुलीच्या दोन मुली. दोघीही इंग्लंडच्या राण्या झाल्या.